दोन मशिनी, एक भगवा

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलतानाचे अडखळे काढलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आज आधी एक छोटं काम देतो. एपिसोड ऐकत रस्त्यानं चालला असाल, तर समोरच्या सगळ्यात मोठ्या फ्लेक्सकडे बघा. बॅनर उंचीलाही आणि रुंदीलाही दहा फुटांपेक्षा मोठा असेल तर त्यात कुठंतरी बहुधा आडवा जोड असणार, कारण आपल्याकडच्या बहुतेक फ्लेक्स मशिनी दहा फुटी असतात. त्याहून मोठं काही हवं असेल तर दोन पट्टे छापायचे आणि चिकटवायचे. आता त्या जोडाच्या वरचा रंग आणि खालचा रंग नीट बघा. एकच दिसतोय?

दिसत असेल, तर त्यामागे कुणीतरी झोपमोड केलेली आहे. आणि त्या झोपमोडीला साधारण सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. आज तोच सांगणार आहे.

मी मूळचा येरमाळ्याचा. कळंब तालुका, धाराशिव जिल्हा. सोलापूर-धुळे हायवेनं गेलेल्यांना गाव माहीत असतं, आणि येडेश्वरीच्या भक्तांना तर ते सांगायलाच नको. डोंगरावर देवीचं मंदिर. चैत्र पौर्णिमेला यात्रा भरते, पालखी खाली आमराईत येते, आणि भाविक चुनखडी वेचतात. त्या चुनखडीचा पुढं पुन्हा उल्लेख येणार आहे, तेव्हा लक्षात ठेवा.

माझ्या मामाचं हायवेला फ्लेक्सचं दुकान आहे. कॉलेज सुटलं की मी तिथं कोरलवर डिझाइन करायचो. सगळा प्रकार घडला तो २०२२ च्या एप्रिलमध्ये. कोरोनाची दोन वर्षं यात्रा नाही, जयंती नाही, लग्नाची कमान नाही. दुकान बंद पडायची वेळ आली होती. आणि मग एप्रिलच्या सुरुवातीला निर्बंध उठले. त्या वर्षी १४ एप्रिलला आंबेडकर जयंती आणि १६ ला चैत्र पौर्णिमा. दोन वर्षांचं सगळं काम एका आठवड्यात अंगावर आलं. मामानं हप्त्यावर दुसरी मशीन घेतली होती. जुनी मशीन सॉल्व्हंट शाईची, दहा वर्षं घासलेली. नवीही दहा फुटीच, पण हेड वेगळं, शाई वेगळ्या कंपनीची, सॉफ्टवेअर वेगळं.

यात्रेसाठी वीस फूट उंच, तीस फूट लांब स्वागताचा बॅनर होता. दहा-दहाचे दोन पट्टे. वेळ नव्हता म्हणून वरचा पट्टा जुन्या मशीनला लावला, खालचा नव्या मशीनला. फाइल एकच. रात्री साडेअकराला दोन्ही पट्टे फरशीवर एकमेकांना लावून ठेवले आणि आम्ही दोघंही गप्प झालो.

वरचा भगवा विटकरीकडं झुकलेला. खालचा नारंगी, जवळजवळ संत्र्यासारखा. देवीचा चेहरा वरच्या पट्ट्यात, हनुवटीपासून खाली सगळं दुसऱ्या पट्ट्यात. चेहरा एका बाईचा आणि गळा दुसऱ्या बाईचा, असं ते चित्र.

त्याच्या दोन दिवस आधी निळ्यानं असाच दगा दिला होता. जयंतीचे बॅनर न्यायला पोरं आली, एकानं बॅनर उलगडला आणि म्हणाला, "दादा, हा निळा न्हाई. जांभळा झालाय." तो रागावला नव्हता, हेच जास्त लागलं. आपल्याकडं भगवा, निळा, हिरवा ही नुसती रंगांची नावं नाहीत हे तुम्हाला मी सांगायला नको. तो बॅनर आम्ही परत छापला, पैसे न घेता.

तर रात्री साडेअकराला मामानं काय केलं? तेच, जे अशा वेळी कुणीही करेल. जुन्या मशीनवर मॅजेंटा पाच टक्के कमी केला आणि फूटभर तुकडा छापला. आता तो पिवळा वाटायला लागला. मग नव्या मशीनवर मॅजेंटा वाढवला. भगवा जवळ आला, पण देवीचा चेहरा लाल झाला. चेहरा सुधारला तर मागचं आभाळ हिरवट. एक रंग पकडला की दुसरा निसटायचा. दीडपर्यंत आमच्याकडं फूटफूटभराचे अकरा तुकडे पडले होते आणि एकही एकाला लागत नव्हता.

आयलेट मारायला त्या आठवड्यात एक पेंटर काका यायचे. पूर्वी हायवेवरचे निम्मे बोर्ड त्यांच्या हातचे. खतांच्या दुकानांचे, ढाब्यांचे, शाळांच्या भिंतींवरची सुविचारांची अक्षरं, सगळं ब्रशनं. फ्लेक्स आला आणि काही वर्षांत त्यांचं काम गेलं. ज्या मशिनीनं काम घेतलं, त्याच मशिनीच्या बॅनरला भोकं पाडायला ते येत होते. यावर आम्ही कधी बोललो नाही. ते त्या अकरा तुकड्यांकडं बघत बसले होते. मग म्हणाले, "ह्याला त्याच्यासारखं करायलाव, त्याला ह्याच्यासारखं करायलाव. पण नमुना कुठाय?"

मामा म्हणाला, कसला नमुना?

काकांनी सांगितलं ते असं. मोठी भिंत रंगवायची तर सगळा रंग एकाच डब्यात कालवायचा. डबा पुरणार नसेल तर संपायच्या आधी त्यातला चमचाभर रंग पत्र्याच्या तुकड्याला लावून वाळवून ठेवायचा. दुसरा डबा कालवला की तो भिंतीशी जुळवायचा नाही, पत्र्याशी जुळवायचा. भिंत ओली असते, सावलीत असते, धूळ बसलेली असते. पत्रा खोटं बोलत नाही.

मंडळी, मी नंतर चिकार वाचलं या विषयावर, आणि माझं मत असं झालं की रंग जुळवण्याचा सगळा इतिहास म्हणजे या पत्र्याच्या तुकड्याचा इतिहास आहे. दोन छपाया एकमेकींशी जुळत नसतात. दोन्ही मिळून तिसऱ्या कशाशी तरी जुळतात. ते तिसरं काय असावं आणि ते कुणी ठरवावं, यावरच माणसं भांडत आली.

आपल्याकडं ही गोष्ट मोठ्या प्रमाणावर सुरू होते १८९४ मध्ये. राजा रवि वर्मांनी मुंबईत गिरगावात छापखाना काढला. त्यांची मूळ तैलचित्रं राजेरजवाड्यांच्या महालात होती. छापखान्यातून लक्ष्मी-सरस्वती घराघरांत गेल्या. पुढं हा छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. पुणे-लोणावळा लोकलनं जाताना हे स्टेशन तुम्ही शंभरदा पाहिलं असेल.

तिथं छपाई कशी व्हायची ते ऐका. तंत्राचं नाव शिळाछाप. बव्हेरियातल्या सेनेफेल्डर नावाच्या माणसानं १७९६ च्या सुमारास ते शोधलं. सपाट गुळगुळीत दगडावर तेलकट खडूनं किंवा शाईनं चित्र काढायचं, दगड ओला करायचा आणि वरून तेलकट शाईचा रूळ फिरवायचा. ओला दगड शाई नाकारतो, तेलकट रेघ ती धरून ठेवते. आणि हा दगड कुठला? चुनखडक. बव्हेरियातल्या सोल्नहोफेनचा चुनखडक यासाठी जगात नावाजलेला. आमच्या यात्रेत आमराईत वेचतात ती चुनखडी आणि हा दगड, नातं लांबचं असलं तरी जात एकच. हे कळलं तेव्हा मला उगाचच बरं वाटलं होतं.

रंगीत चित्र असेल तर प्रत्येक रंगाला वेगळा दगड. पिवळ्याचा एक, गुलाबीचा एक, फिकट निळ्याचा, गडद निळ्याचा, अंगाच्या रंगाचे दोन-तीन. एकेका चित्राला दहा-पंधरा दगड सहज लागायचे. आणि कुठला रंग कुठल्या दगडावर किती, हे ठरवायला कॅमेरा नव्हता. एक कारागीर मूळ चित्राकडं बघायचा आणि मनातल्या मनात ते सोलायचा. इथं साडी जांभळी आहे, म्हणजे इतका गुलाबी आणि त्यावर इतका निळा. मग तो प्रत्येक दगडावर बारीक ठिपके काढत बसायचा, तेही उलटे, आरशात दिसतात तसे. आज कोरलमध्ये सीएमवायके केलं की कॉम्प्युटर क्षणात जे करतो, ते एका माणसाच्या डोक्यात आठवडे चालायचं. या कामासाठी रवि वर्मांच्या छापखान्यात जर्मन तंत्रज्ञ आणले होते. त्यांच्यातल्याच फ्रिट्झ श्लायशरनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला छापखाना विकत घेतला.

आता आपला प्रश्न. हजारो प्रती छापायच्या. सहा महिन्यांनी पुन्हा छापायच्या. शाईचा नवा डबा, नवा कारागीर, पावसाळ्याची दमट हवा. लक्ष्मीची साडी तीच कशी राहणार? शिळाछापाच्या धंद्यानं यावर उत्तर काढलं होतं, ते म्हणजे टप्प्याटप्प्याच्या नमुना-प्रती. पहिल्या कागदावर फक्त पिवळा. दुसऱ्यावर पिवळा अधिक गुलाबी. तिसऱ्यावर त्यात निळा. असं करत पूर्ण चित्रापर्यंत. हा गठ्ठा जपून ठेवायचा. पुढच्या वेळी छापणारा प्रत्येक टप्प्याला आपला कागद त्या गठ्ठ्यातल्या कागदाशेजारी ठेवून बघणार. म्हणजे काकांचा पत्र्याचा तुकडाच, फक्त पंधरा पानांचा.

पण त्याला एक मर्यादा होती. कागद पिवळा पडतो, शाई उडते. नमुनाच बदलला तर? मळवलीच्या छापखान्याला तर १९७२ मध्ये आग लागली. नमुना ही वस्तू असेल तर ती जळू शकते.

जाता जाता सांगतो, दादासाहेब फाळके सिनेमात येण्याआधी याच रंगीत छपाईच्या धंद्यात होते. रवि वर्मांच्या छापखान्याशी त्यांचा संबंध होता, पुढं स्वतःचा छापखाना काढला, १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रं बघायला जर्मनीला जाऊन आले. १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' त्यानंतरचा. आणि कोल्हापूरचे बाबूराव पेंटर? नावातच धंदा आहे. नाटकांचे पडदे रंगवता रंगवता ते सिनेमात आले. आमच्या शेजारच्या पंढरपुरात १९१५ मध्ये जन्मलेले एम. एफ. हुसेन १९३० च्या दशकात मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवायचे. होर्डिंगवालेही तुकड्यातुकड्यांत रंगवत आणि जागेवर नेऊन जोडत. जोडाची कटकट त्यांनाही होती. पण त्यांच्याकडं एक डबा होता, आणि दोन्ही तुकड्यांवर फिरणारा हात एकच होता. आमच्याकडं दोन मशिनी होत्या आणि हात कुणाचाच नव्हता.

आता थोडं लांब जाऊ, लंडनला. काळ १९२० च्या दशकाच्या शेवटाचा. इम्पीरियल कॉलेजमध्ये डेव्हिड राइट आणि टेडिंग्टनच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत जॉन गिल्ड, दोघं वेगवेगळे पण जवळजवळ एकच प्रयोग करत होते. अंधारात माणसाला बसवायचं. समोर एक लहान गोल, हात लांब करून अंगठ्याचं नख बघितलं तर दिसेल साधारण तेवढा. गोलाच्या अर्ध्या भागात एक शुद्ध रंगाचा प्रकाश. दुसऱ्या अर्ध्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीन दिवे मिसळलेले. बसलेल्या माणसानं तीन दिवे कमीजास्त करत राहायचं, दोन्ही अर्धे सारखे दिसून मधली रेघ गायब होईपर्यंत. मग आकडे लिहायचे. मग पुढचा रंग.

ऐकताना ओळखीचं वाटतंय का? दोन अर्धे आणि मधला जोड. मामाच्या दुकानातल्या फरशीवर रात्री दीड वाजता जे चाललं होतं, तेच.

राइटकडं १० माणसं बसली, गिल्डकडं ७. एकूण १७. या सतरा जणांच्या आकड्यांवरून १९३१ मध्ये प्रकाश आणि रंग यांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगानं एक 'प्रमाण निरीक्षक' ठरवला. प्रत्यक्षात नसलेला माणूस, सतरा जणांची सरासरी. आणि तिथून कुठल्याही रंगाला तीन आकड्यांत सांगता यायला लागलं. तुमच्या मोबाइलचा स्क्रीन, मामाची मशीन, कारचा रंग, सगळ्यांच्या मागं आजही तेच गणित आहे. त्या सतरांत येरमाळ्याचं कुणी नव्हतं हे खरं, पण आमचा भगवा आता तेच ठरवतात.

हे फार कोरडं वाटत असेल तर थेट आपल्याकडं येतो. १९४७ नंतर देशाचा झेंडा सगळीकडं लागणार होता. हजारो झेंडे, वेगवेगळ्या ठिकाणी विणलेलं, वेगवेगळ्या ठिकाणी रंगवलेलं कापड. केशरी म्हणजे कुठला केशरी? हळदीकडचा की शेंदराकडचा? १९५१ मध्ये भारतीय मानक संस्थेनं झेंड्याचं मानक काढलं. त्याचा नंबर काय असेल? आयएस १. संस्थेचं पहिलं मानक. त्यात केशरी, पांढरा, हिरवा हे रंग १९३१ च्या त्याच पद्धतीनं, आकड्यांत दिले. केशरीसाठी एक्स ०.५३८, वाय ०.३६० आणि उजळपणा २१.५. शिवाय कुठल्या प्रकाशात बघायचं तेही ठरवलेलं. म्हणजे देशाच्या झेंड्याचा नमुना पत्र्यावर नाही, कागदावर नाही, तर आकड्यांत ठेवला. आकडा उन्हात उडत नाही आणि आगीत जळत नाही.

आणि हा झेंडा बनतो कुठं? कर्नाटकात हुबळीचं बेंगेरी प्रसिद्ध आहे. पण आपल्या मराठवाड्यातही बनतो. नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती. कापड उदगीरला विणलं जातं, झेंडा नांदेडला तयार होतो. उदगीर आमच्यापासून फार लांब नाही. म्हणजे ज्या रात्री मामा आणि मी भगव्यासाठी डोकं फोडत होतो, तेव्हा शेजारच्या जिल्ह्यात केशरी आकड्यावर मोजून चालला होता, आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता.

याची दुसरी बाजूही त्याच वर्षी बघितली. ३० डिसेंबर २०२१ ला ध्वज संहितेत बदल होऊन पॉलिएस्टरच्या आणि मशीनवर बनवलेल्या झेंड्यांनाही परवानगी मिळाली होती. ऑगस्ट २०२२ मध्ये घरोघरी तिरंगा लागला. आमच्या गल्लीत एका ओळीत बारा झेंडे होते आणि मी मोजले तर केशरी पाच प्रकारचे. एक तर सरळ लाल. आकडा असून उपयोग नाही, कुणीतरी तो मोजून घ्यावा लागतो.

हां, तर मशिनी. आमची मूळ चूक काय होती ते आता सांगता येईल. फाइलमध्ये आम्ही भगवा लिहिला होता मॅजेंटा ६५, पिवळा १००. आम्हाला वाटायचं हा रंग आहे. तो रंग नाही, ती ऑर्डर आहे. "इतकी गुलाबी शाई टाक, इतकी पिवळी टाक." शाई कुठल्या कंपनीची, थेंब केवढा, किती पास, हीटर किती तापलाय, फ्लेक्सचा पांढरा किती पांढरा, यावर निघणारा रंग वेगळा. एकाच रेसिपीनं दोन घरांत केलेली आमटी वेगळी लागते, तसं. तिखट प्रत्येक घरचं वेगळं.

तीन रंगांतून सगळे रंग ही कल्पना जुनी आहे. ल ब्लों नावाच्या माणसानं अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच ती वापरली आणि १७१९ मध्ये इंग्लंडमध्ये पेटंट घेतलं. पुढं काळा चौथा. पण रेसिपीच्या जागी रंग लिहायची सोय व्हायला १९७६ आणि १९९३ उजाडावं लागलं. १९७६ मध्ये 'लॅब' नावाची मोजणी आली, ज्यात दोन रंगांमधलं अंतर डोळ्याला जाणवतं साधारण तसं एका आकड्यात सांगता येतं. त्या अंतराला डेल्टा ई म्हणतात. एकच्या आसपास असेल तर बारीक नजरेलाच कळतं, पाच-सहा असेल तर जोडावर कुणालाही दिसतं. वेगवेगळ्या चौकात लावायचे बॅनर असतील तर मात्र पाच-सहाही खपून जातं, कारण शेजारी ठेवून बघणार कोण! आणि १९९३ मध्ये अ‍ॅडोबी, अ‍ॅपल, कोडॅक, मायक्रोसॉफ्ट वगैरे आठ कंपन्यांनी एकत्र येऊन 'प्रोफाइल'चा सामायिक सांगाडा ठरवायला घेतला. प्रोफाइल म्हणजे त्या एका मशीनची त्या एका शाई-फ्लेक्सवरची सवय लिहून ठेवलेली फाइल. "या मशीनला ६५ सांगितलं की प्रत्यक्षात हे आकडे निघतात." सवय माहीत असली की ऑर्डर उलटी लावता येते. मला हा भगवा हवाय, तर तुला किती सांगू?

या आठ कंपन्या एका टेबलावर बसल्या कारण प्रत्येकाचा स्वतःचा हिशोब होता आणि एकाचा दुसऱ्याला कळत नव्हता. मामाच्या दोन सॉफ्टवेअरचंही तसंच होतं.

त्या रात्री आम्हाला यातलं काही येत नव्हतं. शेवटी काकांचा डब्याचा नियम पाळला. दोन्ही पट्टे एकाच मशीनवर, जुन्या. नव्या मशीनचा पट्टा गेला. पहाटे पाचला दुसरा पट्टा उतरला, सातला फाट्यावर बॅनर चढला. भगवा विटकरी होता, पण वरपासून खालपर्यंत एकच विटकरी होता. कुणी काही बोललं नाही. 'आई राजा उदो उदो' करत माणसं त्याच्या खालून गेली.

यात्रा झाल्यावर मामानं सोलापूरच्या शाईवाल्याकडून दोन दिवसांसाठी स्पेक्ट्रो आणला. मुठीत मावेल एवढं यंत्र, रंगावर ठेवलं की आकडा देतं. विकत घ्यायचं तर लाखाच्या घरातली वस्तू. मग आधी दोन्ही मशिनींची हेडं साफ, नोझल चेक. जुन्या मशीनच्या मॅजेंटाच्या बऱ्याच नोझल बंद होत्या, म्हणजे आम्ही आजारी माणसाचं वजन करत होतो. ते झालं. पास आणि हीटर ठरवून टाकले, पुन्हा हात लावायचा नाही. मग प्रत्येक शाईची शून्यापासून शंभरपर्यंत पायरी छापून मोजली. ५० सांगितल्यावर खरंच ५० निघावं इतकं सरळ केलं. निळा जांभळा का व्हायचा ते इथंच कळलं. जुन्या मशीनला चाळीस मॅजेंटा सांगितला की ती जवळजवळ साठ टाकत होती. नव्यात तसं नव्हतं. ते पोरगं बरोबर होतं आणि फाइलही बरोबर होती. मग शेकडो चौकोनांचा तक्ता छापून प्रोफाइल.

आणि मग भगव्याचा नमुना कुठून आणायचा हा प्रश्न. सरकारी केशरीला आकडा आहे, देवळाच्या भगव्याला नाही. काकांनी यात्रेतल्या दुकानातून पताकेचं कापड आणलं. तेही आधी दारात नेऊन उन्हात बघितलं, साडीच्या दुकानात बायका बघतात तसं. यात शास्त्र आहे बरं का. ट्यूबलाइटखाली सारखे दिसणारे दोन रंग उन्हात वेगळे दिसू शकतात, कारण शाया वेगळ्या. बॅनर उन्हात लागणार असेल तर उन्हातच बघायचा.

कापड मोजलं. जुनी मशीन तिथंपर्यंत पोचतच नव्हती. तिच्या शायांत तेवढा झगझगीत नारंगी नव्हताच. नवी पोचत होती. मग जोडाच्या कामासाठी काय करायचं? एकच मार्ग असतो. चांगल्या मशीनला मागं खेचायचं. दोघींनाही जमेल असा भगवा ठरवायचा आणि नवीला सांगायचं, यापुढं जायचं नाही. मामाला हे अजिबात पटलं नाही. "हप्ते हिचे भरायलोय आणि चालवायची तिच्या चालीनं?" काका म्हणाले, जू एक असलं की चाल हळू बैलाचीच असती.

हा ठरवलेला भगवा आम्ही छापून, आकडा लिहून भिंतीला लावला. जोडाचं काम असेल तर हा. एकट्या नव्या मशीनचं काम असेल तर कापडाचा. २०२३ मध्ये जिल्ह्याचं नाव उस्मानाबादचं धाराशिव झालं, तेव्हा दुकानांचे बोर्ड बदलायची कामं आली. एकाच माणसाच्या तीन दुकानांचे बोर्ड दोन मशिनींवर वाटून छापले. त्याला कळलं नाही. हेच आमचं यश, कुणाला न कळणं.

तरी एक सांगतो. डेल्टा ई दोन आला, आकडा चांगला आला, तरी मामा तुकडा काकांकडं देतोच. काका बाहेर नेतात, डोळे बारीक करून बघतात. दोनदा तरी आकडा बरोबर असताना ते म्हणाले, "चेहरा मेलाय." आणि होताच मेलेला. अंगाच्या रंगात डोळा फार चिकट असतो, सावलीतला थोडासा हिरवट त्याला लगेच खटकतो. आता त्यांना आयलेट मारायला लावत नाहीत. रंग बघायचे वेगळे पैसे मिळतात, फार नाहीत, पण मिळतात. ब्रशचं काम मात्र परत आलं नाही.

त्या रात्रीचा नव्या मशीनचा चुकलेला पट्टा अजून दुकानाच्या माळ्यावर गुंडाळून ठेवलाय. गळ्यापासून खालची देवी आहे त्यावर, त्यामुळं तो ना कांद्यावर झाकायला देता येत, ना फेकता येत. नवीन पोरगं कामाला लागलं की मामा तो खाली काढतो, फरशीवर पसरतो, शेजारी आत्ता छापलेला तुकडा ठेवतो, आणि विचारतो, "सांग, काय दिसतंय?"

आजच्यासाठी एवढंच. तुमच्या गावात ब्रशनं बोर्ड रंगवणारं कुणी अजून असेल तर त्यांच्याशी बोलून बघा, आणि जमलं तर आवाज रेकॉर्ड करून मला पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये शिळाछापाच्या अक्षरांबद्दल बोलू. चला, भेटू.